हलवलं की चालतं, सोडलं की बंद: बर्ग स्ट्रिप आणि जंपरचा सैल संपर्क कसा शोधायचा

उन्हाळा लागला की नागपुरात घरोघरी कूलर बाहेर निघतात आणि त्यांच्यासोबत पोरांचे कूलर कंट्रोलरही. ईएसपी३२ चा (वाय-फाय असलेल्या छोट्या मायक्रोकंट्रोलरचा) बोर्ड, डीएस१८बी२० तापमान सेन्सर, पंपासाठी एक रिले (विजेवर चालणारा स्विच), झिरो पीसीबीवर (भोकं पाडलेल्या कोऱ्या सर्किट बोर्डवर) फिमेल बर्ग स्ट्रिप (पिना खोचायची पट्टी) आणि बाकी सगळं जंपर वायरने (टोकांना खोचायची जोडणी असलेल्या छोट्या वायरीने) जोडलेलं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातला हा आवडता प्रोजेक्ट आहे आणि खरोखर उपयोगाचा आहे. त्यामागून येणारी तक्रारही जवळपास ठरलेली असते: "सर, टेबलावर मस्त चालते. कूलरवर बसवलं का थोड्या वेळात बंद पडते. हात लावला का परत चालू होते."

मग कोडमध्ये डिले वाढवला जातो, लायब्ररी बदलली जाते, वॉचडॉग टायमर (अडकलेला बोर्ड आपोआप रीसेट करणारा) लावला जातो, नवा ईएसपी३२ आणला जातो. कधी कधी नव्या बोर्डने दोन दिवस चालतंही, कारण बोर्ड बदलताना वायरी काढून पुन्हा घातल्या गेल्या. तिथेच फसगत होते. दोष कोडचा असेल तर तो हात लावल्याने जात नाही. जी गोष्ट हलवल्याने सुधारते, ती जोडातली असते. म्हणून असा प्रोजेक्ट समोर आला की लॅपटॉप उघडण्याआधी मल्टीमीटर काढा.

खालचं सगळं कूलर कंट्रोलर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे, पण काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागेत ठिबकचा व्हॉल्व्ह चालवणारा बोर्ड असो की कॉलेजचा लाइन फॉलोअर रोबो, जिथे बर्ग पिन आणि जंपर आहेत तिथे हेच लागू पडतं.

आधी कूलरचा प्लग काढा

रिलेच्या एका बाजूला २३० व्होल्ट असतात. मोटर चालू ठेवून करायची शेवटची चाचणी सोडली, तर या लेखातली प्रत्येक तपासणी करताना मेनचा प्लग भिंतीतून बाहेर हवा. स्विच बंद करणं पुरेसं नाही. कंट्रोलरला फक्त पाच व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर द्या. कूलरचा पत्रा ओला असतो, हात घामाने ओले असतात. यात तडजोड नको.

चुकीचा आकडा काय सांगतो

सैल जोड नेमका कोणत्या वायरला आहे, हे बरेचदा सेन्सरच्या चुकीच्या आकड्यातूनच कळतं. सीरियल मॉनिटर (बोर्डने पाठवलेले आकडे दाखवणारी लॅपटॉपवरची खिडकी) लावून ठेवा आणि आकडे वाचा.

डीएस१८बी२० च्या बाबतीत दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिला −१२७. हे तापमान सेन्सरने दिलेलं नसतं. सेन्सरकडून उत्तरच आलं नाही की डॅलस टेम्परेचर लायब्ररी हा आकडा परत करते. म्हणजे डेटाची किंवा ग्राउंडची वायर सुटली आहे, नाहीतर ४.७ किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर (डेटाची वायर प्लसकडे ओढून ठेवणारा) जागेवर नाही. दुसरा आकडा ८५. सेन्सरला वीज मिळून तो जागा झाला की त्याच्या मेमरीत ८५ अंश हीच किंमत भरलेली असते. तापमान मोजून झालं की ती बदलते. बारा बिटवर एक मोजणी पूर्ण व्हायला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. तेवढ्यात वीज क्षणभर जरी तुटली, तरी सेन्सर पुन्हा नव्याने जागा होतो आणि तुम्ही वाचता ते ८५.

इथे एक भेद करायला हवा. बोर्ड चालू केल्यावर फक्त पहिलंच रीडिंग ८५ येत असेल आणि पुढची बरोबर असतील, तर मोजणी पूर्ण होण्याआधी वाचलं जातंय, तो कोडचा प्रश्न आहे. पण ३८, ३८, ३९, ८५, ३९ असं मधूनच ८५ येत असेल तर सेन्सरच्या प्लस किंवा ग्राउंडचा जोड सैल आहे. कोडमध्ये "८५ आलं तर सोडून द्या" अशी ओळ टाकून हा आकडा लपवता येतो. तसं करू नका, तो खूण दाखवतोय.

नागपुरात तापमानाचा आकडा कुठे विश्वास ठेवण्यापलीकडे जातो हे आपल्याला ठाऊक आहे. ३० मे २०२४ ला शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते, आणि नंतर हवामान खात्याने तो सेन्सरचा बिघाड असल्याचं स्पष्ट केलं. नवतपातसुद्धा (उन्हाळ्यातल्या सर्वांत कडक नऊ दिवसांतसुद्धा) इथे ४६-४७ च्या पुढे पारा क्वचितच जातो. त्यामुळे घरातल्या कंट्रोलरवर ८५ दिसले तर ऊन नव्हे, वायर तपासायची, एवढं तरी नक्की.

अ‍ॅनालॉग इनपुटला पॉट किंवा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा तीन पायांचा रेझिस्टर) लावला असेल तर निदान आणखी सोपं होतं. तीन वायरी, तीन वेगळी लक्षणं. ग्राउंडची वायर सुटली की मधला पाय प्लसकडे ओढला जातो आणि ईएसपी३२ वर रीडिंग थेट ४०९५ ला, म्हणजे कमाल आकड्याला, जाऊन चिकटतं. प्लसची सुटली की शून्यावर येतं. आणि मधली, म्हणजे सिग्नलची वायर सुटली की रीडिंग वाटेल तसं भटकतं, वायरजवळ बोट नेलं तरी बदलतं. पॉट फिरवत राहण्यापेक्षा हे तीन प्रकार लक्षात ठेवले तर कोणती वायर धरायची ते लगेच कळतं.

आय-टू-सी डिस्प्लेचं (दोन सिग्नल वायरींवर चालणाऱ्या डिस्प्लेचं) थोडं फसवं असतं. त्याच्या व्हीसीसीचा (प्लसचा) किंवा ग्राउंडचा जोड गेला तरी तो पूर्ण बंद पडेलच असं नाही. करंट सिग्नलच्या वायरींतून वाट काढतो आणि डिस्प्ले फिकट, अर्धवट उजळतो किंवा कचरा दाखवतो. बघणाऱ्याला वाटतं डिस्प्ले जळाला. तो जळालेला नसतो. अशा वेळी डिस्प्लेच्या स्वतःच्या पिनांवर, म्हणजे जंपरच्या पलीकडच्या टोकाला, व्होल्टेज मोजा. ईएसपी३२ च्या पिनवर ३.३ दिसतात म्हणून डिस्प्लेपर्यंत ३.३ पोचले असं होत नाही.

आणि शेवटचं लक्षण, जे कूलर कंट्रोलरमध्ये सगळ्यात जास्त दिसतं: रिले खट्ट करून लागतो, लगेच सुटतो, पुन्हा लागतो. सीरियल मॉनिटरवर ब्राउनआउट डिटेक्टरचा (व्होल्टेज फार खाली गेल्याचा) संदेश येतो आणि बोर्ड रीसेट होत राहतो. याचं गणित करून बघू.

पाच व्होल्ट कुठे हरवतात

ईएसपी३२ वाय-फायवरून डेटा पाठवताना क्षणभर २४० मिलिअँपियर किंवा त्याहून जास्त घेतो. नेहमीच्या पाच व्होल्टच्या रिलेची कॉइल साधारण ७० मिलिअँपियर घेते. सेन्सर, डिस्प्ले, एलईडी धरले तर त्या क्षणी ४०० मिलिअँपियर धरायला हरकत नाही.

आता हा करंट किती जोडांतून जातो ते मोजा. एका फिमेल-टू-फिमेल जंपरमध्ये चार जोड असतात: दोन टोकांना दोन स्प्रिंग आणि त्या स्प्रिंगला वायर दाबून बसवलेले दोन क्रिंप. प्लसची एक वायर आणि ग्राउंडची एक, म्हणजे आठ जोड. त्यात बोर्ड फिमेल स्ट्रिपमध्ये खोचलेला असेल तर व्हीआयएन (बोर्डची पाच व्होल्ट घेणारी पिन) आणि ग्राउंड मिळून आणखी दोन. चांगल्या जोडाचा रेझिस्टन्स २० मिलिओहमच्या आत असतो, त्यामुळे दहा जोडांत मिळूनही फारसं काही हरवत नाही. पण त्यातला एकच जोड बिघडून तीन ओहमवर गेला, तर ४०० मिलिअँपियरला १.२ व्होल्ट तिथेच जातात. पाचातून १.२ गेले, उरले ३.८. बोर्डवरच्या एएमएस१११७ रेग्युलेटरला (पाचाचे ३.३ व्होल्ट करणाऱ्या भागाला) स्वतःसाठी जवळपास १.१ व्होल्ट लागतात. उरले २.७. ईएसपी३२ च्या मॉड्यूलला किमान ३.० हवे असतात.

बोर्ड रीसेट झाला की वाय-फाय बंद, रिले बंद, करंट कमी, व्होल्टेज पुन्हा पाच. मग बोर्ड पुन्हा उठतो, रिले लावतो आणि पुन्हा पडतो. मल्टीमीटरने बघाल तर तो निवांत ४.९ दाखवतो, कारण पडझड होते ती मीटरचा आकडा बदलण्याआधीच संपलेली असते.

बीप वाजला म्हणजे जोड चांगला, असं नाही

सैल जोड शोधायला सगळे जण मीटर बीपवर ठेवतात. कित्येक मीटर तीस-चाळीस ओहमपर्यंत आनंदाने बीप देतात. वरच्या गणितात तीन ओहमने बोर्ड पाडला. म्हणजे बीप मोडमध्ये हा बिघडलेला जोड दर वेळी पास होणार. शिवाय बीपच्या वेळी मीटर जोडातून जेमतेम एखादा मिलिअँपियर सोडतो, त्याने जोडाची परीक्षाच होत नाही. बीप हा वायर पूर्ण तुटली आहे का एवढंच बघायला ठेवा.

जोड तपासायचा तो त्यातून करंट जात असताना, मिलिव्होल्टमध्ये. पद्धत अशी.

दहा ओहम, पाच वॅटचा एक रेझिस्टर घ्या, पांढरा चौकोनी सिरॅमिकचा. त्याच्या दोन्ही पायांना वायरीचे छोटे तुकडे आणि त्या तुकड्यांना बर्ग मेलची एकेक पिन सोल्डर करा. ईएसपी३२ त्याच्या सॉकेटमधून काढा आणि त्याच्या व्हीआयएन व ग्राउंडच्या जागी या दोन पिना खोचा. पाच व्होल्ट दिले की अर्धा अँपियर करंट सतत वाहायला लागतो. आता मीटरला धावपळ करावी लागत नाही. रेझिस्टर अडीच वॅट उष्णता सोडतो, चटका बसेल इतका तापतो, म्हणून तो प्लास्टिकला टेकू देऊ नका आणि काम झालं की काढा.

मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवा. एक प्रोब अ‍ॅडॉप्टरच्या प्लसवर, दुसरा सॉकेटच्या व्हीआयएनच्या सोल्डरवर. प्रोब धातूवर नीट टेकवा, जंपरच्या काळ्या डबीच्या खिडकीतून आतल्या टर्मिनललाही टेकवता येतो. वीस सेंटिमीटरच्या, खऱ्या तांब्याच्या २८ गेजच्या चांगल्या जंपरवर अर्ध्या अँपियरला ४० ते ६० मिलिव्होल्ट दिसतील. शंभराच्या वर गेलं तर संशय घ्या. दोनशेच्या वर असेल तर ती वायर टाकून द्या. मग हेच ग्राउंडच्या बाजूला करा. बहुतेक जण ग्राउंड मोजतच नाहीत आणि अर्धे दोष तिथेच निघतात.

आकडा जास्त आला की एक प्रोब पुढे सरकवत जा: आधी पिन ते टर्मिनल, मग टर्मिनल ते वायरचं तांबं, मग पिन ते सोल्डरचा पॅड. आकडा ज्या दोन बिंदूंमध्ये मोठा दिसतो, दोष त्यांच्यामध्ये. आणि मोजत असताना एखादी सुकी लाकडी काडी घेऊन एकेक वायर हलकेच ढोसा. हाताने सगळा गुच्छ हलवला तर काहीच कळत नाही. एकच वायर हलवली आणि आकडा ५० वरून ४०० वर उडाला की शोध संपला.

हे टेबलावर सापडलं नाही तर बोर्डवर हेअर ड्रायरची गरम हवा सोडून बघा. दुपारीच बंद पडणाऱ्या बोर्डांमध्ये याने बरेचदा लक्षण पुन्हा उभं राहतं.

पिन आणि स्प्रिंग: आत काय असतं

सीताबर्डीवरच्या दुकानात तुम्ही "बर्ग स्ट्रिप" मागता ती चाळीस पिनांची पट्टी. दोन पिनांच्या मध्यांतलं अंतर २.५४ मिमी, पिन चौकोनी, प्रत्येक बाजू ०.६४ मिमी. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत म्हणजे जवळपास ०.९ मिमी, म्हणून पीसीबीवर तिच्यासाठी एक मिलिमीटरचं छिद्र पाडतात. मेल पिन म्हणजे नुसता धातूचा दांडा, तिच्यात बिघडण्यासारखं फार काही नाही. सगळी जबाबदारी फिमेलच्या आतल्या पातळ पत्र्यावर. तो पत्रा कपड्यांच्या चिमट्यासारखा पिनला धरून ठेवतो. चिमट्याचा दाब टिकला तर संपर्क टिकला.

हा पत्रा फॉस्फर ब्राँझचा असेल तर वर्षानुवर्षं दाब धरतो. स्वस्त जंपरमध्ये तो पितळेचा असतो. पितळ उष्णतेत हळूहळू सैलावतं, आणि कूलरच्या पत्र्यावर बाहेरच्या बाजूने डबीत बसवलेल्या बोर्डला मे महिन्यात किती ऊन लागतं ते सांगायला नको. मूळ मिनी-पीव्ही जातीच्या टर्मिनलमध्ये बाहेरची डबी आणि आतली स्प्रिंग वेगवेगळ्या धातूंची असते. बाजारातल्या नकलांत एकाच पत्र्याला वाकवून दोन्ही कामं करवून घेतलेली असतात. दिसायला दोन्ही सारखेच.

दुसरा शत्रू कंपन. कूलरची मोटर चालू असली की पिन आणि स्प्रिंग एकमेकांवर डोळ्यांना न दिसण्याइतकं घासत राहतात. दोन्हींवर कथलाचा मुलामा असतो. घासून त्याचा सूक्ष्म भुगा होतो, तो गंजतो आणि त्याचा काळसर थर मधे साचतो. हा थर वीज अडवतो. वायर हलवली की थर बाजूला सरकतो आणि संपर्क पुन्हा येतो. "हात लावला की चालतं" याचं कारण हेच, आणि थोड्या वेळाने पुन्हा बंद पडण्याचंही. सोन्याचा पातळ मुलामा दिलेल्या पिनांना हा त्रास फार कमी, पण सोन्याची पिन आणि कथलाचं सॉकेट अशी जोडी लावू नका, ती कथल-कथल जोडीपेक्षाही लवकर बिघडू शकते.

तिसरं, पाणी. ताट्यांवरून उडणारे तुषार सुकले की पांढरे क्षार मागे राहतात. बोअरच्या पाण्यावर कूलर चालत असेल तर पिनांच्या मुळाशी ही पांढरी पावडर स्पष्ट दिसते. डबी ताट्यांच्या बाजूला नको, मोटरच्या पत्र्यावर नको. कूलरपासून हातभर दूर, भिंतीवर.

दोष सोल्डरमध्ये असेल तर

मिलिव्होल्टचा आकडा पिन आणि पॅड यांच्यामध्ये मोठा निघाला तर बोर्ड उलटा करून भिंगातून बघा. मोबाइलचा कॅमेरा झूम करूनही चालतं. पिनभोवती बारीक काळी गोल रेघ दिसली म्हणजे सोल्डरला तडा गेलाय, पिन पॅडमध्ये नुसती उभी आहे. झिरो पीसीबीवर हे फार होतं, कारण त्याला तांबं एकाच बाजूला असतं आणि छिद्राच्या आत काही नसतं. ईएसपी३२ सॉकेटमधून एका टोकाने उचकटून काढला की सगळा जोर त्या कडेच्या तीन-चार पॅडवर येतो आणि पॅड बोर्डापासून उचलला जातो. बोर्ड काढताना दोन्ही टोकांनी आळीपाळीने थोडं थोडं वर घ्यावं, पातळ पट्टी आत सरकवून. पॅड उचललेला असेल तर तिथे पुन्हा सोल्डर करून उपयोग नाही, पिनपासून पुढच्या चांगल्या पॅडपर्यंत तांब्याची तार टाका.

नुसता तडा असेल तर थोडा फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा पदार्थ) लावून, ३३० ते ३५० अंशांच्या आयर्नने दोन-तीन सेकंद पिन आणि पॅड दोन्ही तापवून नवं सोल्डर द्या. त्यापेक्षा जास्त वेळ आयर्न टेकवून ठेवलं तर काळं प्लास्टिक मऊ होतं आणि पिन तिरपी होते. तिरपी पिन सॉकेटच्या स्प्रिंगला एका बाजूला दाबते, म्हणजे एक दोष काढून दुसरा घातल्यासारखं. नवी मेल पट्टी सोल्डर करताना तिच्यावर फिमेल पट्टी चढवून ठेवली की पिना सरळ राहतात. ब्रेडबोर्डमध्ये खोचून सोल्डर करायची सवय मात्र सोडलेली बरी, उष्णतेने त्याच्या क्लिपा आणि प्लास्टिक दोन्ही खराब होतात.

फिमेल स्ट्रिपबद्दल एक बारकावा फारसा कुणी सांगत नाही. खालून सोल्डर करताना फ्लक्स जास्त झाला तर तो पायाच्या कडेने वर चढतो आणि थेट आतल्या स्प्रिंगवर जाऊन बसतो. थंड झाला की त्याचा काचेसारखा थर होतो. बाहेरून सोल्डर चकचकीत, स्ट्रिप कोरी करकरीत, आणि संपर्क नाही. आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) भिजवलेला मऊ ब्रश खालून फिरवा, मग स्ट्रिपच्या तोंडात आयपीएचे दोन थेंब सोडून त्यात कोरी मेल पिन चार-पाच वेळा वर-खाली करा. पिन बाहेर काढल्यावर चिकट पिवळसर थर दिसला तर दोष तोच होता. डबीत मिळणारी चिकट पेस्ट इथे मुळीच वापरू नका, ती मागे राहते आणि पावसाळ्यात ओल धरते.

मापात न बसणाऱ्या जोड्या

काही संपर्क सैल होत नाहीत, ते पहिल्या दिवसापासूनच चुकीचे असतात.

आयसी सॉकेटसारखी राउंड पिनची स्ट्रिप वेगळी. तिच्या पिना गोल आणि साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या. त्या बर्ग फिमेलमध्ये घातल्या तर नुसत्या डुलतात. उलट, चौकोनी बर्ग पिन राउंड पिनच्या सॉकेटमध्ये जोर लावून घुसवली तर सॉकेट कायमचं फाकतं. ब्रेडबोर्डचंही तसंच. आज त्यात चौकोनी पिनांचा बोर्ड खोचला की त्या भोकांत उद्या बारीक पायांचा रेझिस्टर घट्ट बसत नाही. बोर्डसाठी ब्रेडबोर्डची ठरावीक भोकं राखून ठेवावीत आणि बाकीची रेझिस्टर, वायरींना.

आर्डुइनो उनोवर झिरो पीसीबीचा शिल्ड (वर खोचून बसणारा जोडबोर्ड) बनवणाऱ्यांनी एक गोष्ट बघावी. डिजिटल पिन ७ आणि ८ यांच्यामधलं अंतर २.५४ मिमी नाही, ४.०६ मिमी आहे. झिरो पीसीबीची भोकं सरळ २.५४ च्या जाळीत असतात. मग पिना वाकवून शिल्ड बसवला जातो आणि त्या बाजूचे सगळे संपर्क कायम तणावात राहतात. एकतर त्या बाजूची एकच पट्टी वापरा, नाहीतर शिल्डपासून वायरीने जा.

जेएसटीचा एक्सएच कनेक्टर २.५ मिमीचा असतो. दोन-तीन पिनांना २.५४ च्या भोकांत तो बसून जातो, दहा पिनांना फरक साठत जाऊन अडतो. आणि लॅपटॉपच्या जुन्या हार्ड डिस्कची किंवा एक्सबी रेडिओ मॉड्यूलच्या पिनांमधलं अंतर २ मिमी, तिथे बर्ग जंपर लावूच नये.

कायमचा इलाज

सैल जंपर पकडीने चेपून घट्ट करता येतो. तेवढ्या प्रात्यक्षिकापुरतं ठीक. पण पितळाचा पत्रा एकदा सैलावला की पुन्हा सैलावणारच. त्यावर हॉट ग्लू ओतणं तर अजून वाईट, कारण आतला काळा थर तसाच राहतो आणि आता तो साफही करता येत नाही. पॉलिश पेपरने पिना घासण्याचा सल्ला देणारेही भेटतील. त्याने मुलामाच निघून जातो. कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयपीए पुरे.

माझं ठाम मत असं की जंपर वायर टेबलावरच्या कामासाठी आहे. जो बोर्ड भिंतीवर, कूलरवर किंवा शेतात जाणार, त्यावर एकही जंपर नको. सेन्सर आणि डिस्प्लेसाठी रेलिमेट कनेक्टर लावा. त्याचं अंतर बर्गचंच, २.५४ मिमी, म्हणून झिरो पीसीबीवर सरळ बसतो. मागच्या पाठीमुळे उलटा लागत नाही आणि घट्ट पकडतो. पाच व्होल्टची पॉवर आणि रिलेकडे जाणाऱ्या जाड वायरींसाठी स्क्रूचा पीबीटी टर्मिनल. त्यात मल्टिस्ट्रँड वायर घालताना टोकाला सोल्डर लावू नका. सोल्डर स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू पसरतं आणि काही आठवड्यांनी वायर आपोआप सैल होते. तारा नीट पिळून, किंवा फेरूल (धातूची छोटी नळी) चढवून घाला.

रेलिमेटच्या वायरी तयार मिळतात, त्याच घ्या. स्वतः क्रिंप करत असाल तर टर्मिनलला पंखांच्या दोन जोड्या असतात हे बघून घ्या. पुढची जोडी उघड्या तांब्यावर, मागची वायरच्या प्लास्टिकवर. वायर दोन-अडीच मिलिमीटरच सोला. त्याहून कमी सोलल्याने प्लास्टिक पुढच्या पंखांत शिरलं तर क्रिंप दिसायला मजबूत आणि आतून रिकामा. एसएन-२८बी पकडीने दाबल्यावर प्रत्येक वायर हलकेच ओढून बघायची, निघायला नको. वायर विकत घेताना एक टोक सोलून तारांना चुंबक लावून बघा. चिकटलं तर आत तांब्याचा मुलामा दिलेलं पोलाद आहे, घेऊ नका.

बोर्ड सॉकेटमध्येच ठेवायचा असेल तर निदान पॉवर सॉकेटमधून नेऊ नका. पाच व्होल्ट आणि ग्राउंड या दोन वायरी बोर्डच्या पिनांना थेट सोल्डर करा, सिग्नलच्या पिना सॉकेटमध्ये राहू द्या, त्यांतून करंट नगण्य जातो. रिलेच्या पॉवर पिनांजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. तो क्षणिक खड्डे भरून काढतो, पण सैल जोड बरा करत नाही, म्हणून जोड दुरुस्त झाल्यावरच लावायचा, नाहीतर दोष झाकला जातो. सगळ्यात शेवटी प्रत्येक केबल कनेक्टरपासून दोन बोटांवर डबीला टायने बांधा, म्हणजे ओढ बसली तर ती टायवर बसेल, पिनवर नाही.

दुरुस्ती खरी झाली का

पाच मिनिटं चाललं म्हणजे झालं असं धरू नका. कोडमध्ये मोजणीचे दोन नवे आकडे ठेवा, एक −१२७ किती वेळा आला आणि दुसरा ८५ किती वेळा आला. बोर्ड किती वेळा रीसेट झाला आणि का झाला तेही ईएसपी३२ सांगतो, ते कारण सुरुवातीलाच छापून घ्या. मग कूलरची मोटर आणि पंप दोन्ही चालू ठेवून, दुपारी बारा ते पाच, उन्हाच्या ऐन भरात चालवा. तिन्ही मोजण्या शून्यावर राहिल्या तर बोर्ड बसवायला तयार.

रीसेट शून्य, ८५ शून्य, पण −१२७ अजूनही अधूनमधून येत असेल, तर बोर्डवरचे जोड सोडा आणि सेन्सरच्या केबलकडे वळा. स्टीलच्या नळीतल्या डीएस१८बी२० ची केबल नळीच्या तोंडाशीच वाकते आणि आतून तुटते. तिथे वाकवून बघा, वाकवताच −१२७ आला तर सेन्सरच बदला. आणि केबल लांब असेल तर ४.७ च्या जागी २.२ किलोओहमचा पुल-अप लावून पुन्हा एक दुपार चालवा.